न्हाणीघर फोडू नकोस, आधी हे करून बघ

पुणे, २८ सप्टेंबर

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार.

न्हाणीघराचे फोटो मिळाले. नळांवर पांढरा थर, टाइल्सच्या सांध्यांतून झडणारी भुकटी आणि पलीकडे बेडरूमच्या भिंतीला लागलेला लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला पांढरा क्षार. एवढ्यावरून 'सगळं फोडून नवं करू' असं कुणी सांगितलं तर लगेच हो म्हणू नकोस. आधी रुपयाच्या नाण्याने एकेक टाइल हलकेच वाजवून बघ. भरीव आवाज आला की टाइल पक्की. दोन-चार पोकळ वाजल्या तर तेवढ्याच बदलता येतात. बाकीचं काम दोन शनिवार-रविवार आणि दीड-दोन हजार रुपयांत बसेल. क्रम मात्र चुकू देऊ नकोस: आधी गळती, मग क्षार, मग सांधे आणि रंग अगदी शेवटी. दिवाळी तोंडावर आली की लोक रंगापासून सुरुवात करतात आणि संक्रांतीच्या आत तीच भिंत पुन्हा पोपडे टाकते.

ओल कुठून येते ते आधी ठरव. बेडरूमच्या भिंतीवर ओलीची कड पेन्सिलने आखून ठेव आणि आठवडाभर ते न्हाणीघर पूर्ण बंद ठेव. तुमच्याकडे दुसरं आहे, म्हणून हे जमेल. ओल आखलेल्या रेषेच्या आत सरकू लागली तर पाणी सांध्यांतून किंवा सांडपाण्याच्या वाटेने मुरत होतं. बंद ठेवूनही ती तशीच राहिली किंवा वाढली तर भिंतीतला पाइप गळत असण्याची शक्यता जास्त, कारण टाकीच्या पाण्याचा दाब त्याच्यावर दिवसरात्र असतो. तसं निघालं तर थांब आणि प्लंबर बोलाव. ते घरी करायचं काम नाही.

आता ठिबकणारा नळ. खाली मग ठेवून तासाभराचं पाणी मोज. पाव लिटर भरलं तर दिवसाला ६ लिटर वाया जातं, आणि तुम्ही टँकरचे पैसे मोजता. दुरुस्तीच्या वेळी त्या लाइनचा कॉक बंद कर, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दे आणि नहाणीच्या जाळीवर फडकं टाक, नाहीतर स्क्रू तिथेच गडप होतो. मुठीवरची टोपी काढ, स्क्रू सोडव, मूठ उचल. पान्ह्याच्या जबड्याला कापड गुंडाळून स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा फिरणारा दांडा, घड्याळाच्या उलट दिशेने फिरव. जुन्या पद्धतीचा नळ असेल तर स्पिंडलच्या टोकाला रबरी वॉशर दिसेल. तो उलटा करून बघ, त्यावर गोल खाच पडलेली असेल. ठिबक थांबावी म्हणून नळ आवळत गेलं की वॉशर जिथे टेकतो त्या बैठकीची पितळी कड रबरात रुतते, रबर कापलं जातं, ठिबक वाढते आणि माणूस आणखी जोर लावतो. वॉशर बदल, पण त्याआधी आत बोट घालून ती पितळी बैठक चाचप. खरखरीत लागली तर नवा वॉशरही फार टिकणार नाही. पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या असतात. तिथे अख्खा स्पिंडल बदलायचा, आणि जुना सोबत घेऊनच दुकानात जायचं. लांबी आणि मुठीकडचे दाते कंपनीगणिक वेगळे असतात, अंदाजाने आणलेला बसत नाही.

क्षारासाठी न्हाणीघर धुवायचं ॲसिड आणू नकोस. थर जातो हे खरं, पण सांध्यांतलं सिमेंट आणि नळावरची चकाकीही जाते. तुझे सांधे भुसभुशीत झालेत त्याला तेच ॲसिड कारण असू शकतं. वाण्याकडून सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व आण. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळव. टाइल्स आणि सांधे आधी साध्या पाण्याने भिजव, म्हणजे सांधे आम्ल पिणार नाहीत. मग स्पंजने द्रावण लाव, १५ मिनिटं ठेव, नायलॉनच्या ब्रशने घास आणि भरपूर पाण्याने धू. नळाभोवती द्रावणात बुडवलेलं फडकं गुंडाळ, शॉवरला तेच द्रावण भरलेली पिशवी बांध. अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नकोस. थर जाड असेल तर पुन्हा एकदा कर, पण रात्रभर भिजत घालू नकोस. तारेची घासणी तर नकोच. तिचे ओरखडे पडले की पुढचा क्षार तिथेच आधी धरतो.

एक गोष्ट नीट बघ: दाराचा उंबरा. तो संगमरवरी, शहाबादी किंवा कडाप्पाचा असेल तर त्यावर लिंबूसत्वाचा थेंबही पडू देऊ नकोस. हे दगडही चुन्याचेच असतात, आम्लाने त्यांची चकाकी कायमची जाते. नळावरचा क्षार ज्या कारणाने विरघळतो त्याच कारणाने उंबराही खाल्ला जातो. ग्रॅनाइटला एवढी भीती नाही.

आणि हे वहिनींनाही सांग: ब्लीच आणि कुठलंही आम्ल एका दिवशी वापरायचं नाही. टॉयलेट क्लीनर हेही आम्लच. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो फार घातक. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायची पद्धत धोक्याची नाही, पण फुकट आहे. फेस येतो तो दोघांनी एकमेकांना निकामी केल्याचा.

सांधे हे खरं मेहनतीचं काम. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून धर आणि जुनं व्हाइट सिमेंट निदान ३ मिलिमीटर खोल खरवडून काढ. वरवर लेप दिला तर तो पापडासारखा सुटतो. भुकटी ब्रशने काढ, धू आणि २४ तास वाळू दे. या वेळी व्हाइट सिमेंट नको, पॉलिमर घातलेलं टाइल ग्राउट, म्हणजे सांधे भरायची तयार पावडर, घे. तुझ्या ८ बाय १२ इंचांच्या टाइल्स आणि २ मिलिमीटरचे सांधे धरले तर १ किलोत ७ चौरस मीटर सहज होतात. पाण्यात पावडर घाल, पावडरीत पाणी नाही, आणि पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच. टूथपेस्टसारखं घट्ट झालं की १० मिनिटं ठेव आणि पुन्हा ढवळ. ते घट्ट वाटलं म्हणून वरून पाणी घालायचा मोह होतो, आणि बहुतेक ग्राउट तिथेच बिघडतं. जास्तीचं पाणी उडून गेलं की मागे पोकळी राहते, सांधा आकसतो, चिरतो आणि वर्षभरात पुन्हा भुकटी. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढंच कालव. रबरी थापीने तिरकं दाबून भर. १५-२० मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने, तिरकंच, पूस. सांध्याच्या दिशेने पुसलंस तर भरलेलं ओढून बाहेर येईल. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी नाही.

भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा, तसेच दोन भिंतींचे कोपरे, यांत ग्राउट भरू नकोस. दोन्ही बाजू किंचित हलतात आणि कडक सांधा तडकतो. तिथलं जुनं सिमेंट काढून कोपरा कोरडा कर आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन लाव. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, मध्ये ५-६ मिलिमीटरची सलग रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरव आणि सिलिकॉन ओलं असतानाच पट्टी ओढ. त्यानंतर २४ तास कोरडं. एका नळीत सगळे कोपरे होतील.

वास येतो म्हणालास, तो बहुतेक नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या भांड्याचा. जाळी आणि आतली वाटी काढून केस, साबणाचा चिखल साफ कर आणि वाटी परत बसव. लोक ती काढून ठेवतात, म्हणजे गटाराचा वायू अडवणारं पाणीच तिथे राहत नाही. आठवडाभर बंद ठेवशील तेव्हा ट्रॅपमधलं पाणी आटू शकतं, म्हणून एक-दोन दिवसांनी तांब्याभर पाणी थेट जाळीत ओत. फरशी ओली करायची नाही.

बेडरूमच्या भिंतीवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाड. पाण्याने धुतलास तर क्षार पुन्हा आत जातात. सुटलेले पोपडे काढ, खिडकी उघडी ठेव आणि ऑक्टोबरच्या उन्हाचा पुरेपूर फायदा घे. मग फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेव. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर अजून थांब, पुट्टीला हातही लावू नकोस. या दिवाळीला भिंत तशीच राहिली तर राहू दे, पुढे कपाट सरकवता येईल.

पहिल्या शनिवारी स्पिंडल काढलास की दाते स्पष्ट दिसतील असा फोटो पाठव. बघून सांगतो वॉशरवर भागेल की अख्खा बदलावा लागेल.

आईंना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश