दारावरच्या पट्टीवरचं नाव

कासेल,
६ मे २०२५

चि. मीरा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोन ठेवलास आणि मी तो पुन्हा लावला नाही. लावला असता तर आवाज चढला असता, तुझाही आणि माझाही. म्हणून लिहितेय. सावकाश वाच. एखादा शब्द अडला तर मला विचार, आजीला विचारू नकोस. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

आधी एक सांगून टाकते. फोन स्पीकरवर होता. मी कणीक मळत होते, हात भरलेले होते. ‘दारावरची पट्टी बदलतेय, यापुढे मीरा जगताप’ असं तू म्हणालीस, तेव्हा पापा शेजारीच कांदा चिरत होता. त्याने सुरी ठेवली, हात धुतले आणि तळघरात गेला. दीड तासाने वर आला तेव्हा बोटं ग्रीसने काळी झाली होती. तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पापाचं जर्मन आडनाव काढून माझं माहेरचं नाव तू लावतेस म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? सासवडला कळलं तर मामा पेढे वाटेल. पण तू ते मिरवायला घेत नाहीयेस गं, मागे लपायला घेतेयस. असो. नाव तुझं आहे, तू आता मोठी आहेस. या विषयावर आणखी लिहिणार नाही.

४ मेला, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत, रात्री आठ वाजता तिकडे हॉलंडमध्ये दोन मिनिटं सगळं थांबतं, बस थांबते, सायकलवाले उतरून उभे राहतात, हे गेल्या वर्षी तू किती भारावून सांगितलं होतंस! यंदाही तू चौकात उभी राहिलीस. आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरात तो मुलगा म्हणाला, आधी माझ्या आजोबांची सायकल परत दे. सगळे हसले. पापा म्हणतो, हा विनोद तिकडे फार जुना आहे. युद्धात जर्मन सैन्याने त्या लोकांच्या सायकली जप्त केल्या होत्या. १९८८ साली हँबुर्गला हॉलंडने जर्मनीला फुटबॉलमध्ये हरवलं, तेव्हाही ‘आजी, तुझी सायकल सापडली’ असा फलक झळकला होता म्हणे. तुला लागलं, ते मला कळतं. पण त्या मुलाचं मी फार मनावर घेत नाही.

मला झोपू देत नाहीये तो त्या दुसऱ्या मुलीचा प्रश्न. ती हसली नाही, असं तूच सांगितलंस. तिने शांतपणे विचारलं, तुझे पणजोबा तेव्हा काय करत होते? आणि तू म्हणालीस, मी भारतीय आहे. मीरा, त्या एवढ्याशा देशातून एक लाखाहून जास्त ज्यू माणसं नेली आणि मारली. तिच्या घरातलं कोण त्यात असेल हे तुला ठाऊक नाही. अशा माणसाने विचारलं तर खरं सांगायचं असतं, त्याला वाटेला लावायचं नसतं. एवढं शिकलीस, ब्राइटेनाऊच्या जुन्या नाझी छावणीत शाळेबरोबर जाऊन आलीस, दोन दिवस जेवली नाहीस, आणि...

बघ, लागले शिकवायला. माफ कर बाळा. परक्या गावात, रात्रीच्या वेळी, चार जणांसमोर तुला चटकन काय सुचायला हवं होतं, हे मी इथे चहाचा कप घेऊन ठरवतेय.

आठवतं का, तू सात-आठ वर्षांची असताना ९ नोव्हेंबरला आपण कोपऱ्यावरच्या त्या पितळी पाट्या घासायला जायचो? नाझींनी नेलेल्या ज्यू माणसांच्या नावांच्या, फुटपाथमध्ये बसवलेल्या, जेमतेम दहा सेंटिमीटरच्या. बाकीचे लोक काहीबाही मलम आणायचे, आपण आजीने पाठवलेली पितांबरी न्यायचो. तू गुडघ्यांवर बसून घासायचीस आणि अक्षरं उजळली की मोठ्याने वाचायचीस. ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मसाल, आणि जिथे नेलं ते शहर, रीगा. कासेलहून ती गाडी ९ डिसेंबर १९४१ ला सुटली, हजारएक माणसांना घेऊन. तू विचारलं होतंस, यांना स्टेशनवर सोडायला कोण गेलं होतं? पापाने तेव्हा तुझ्याकडे पाहिलं नव्हतं. मला ते नंतर कळलं.

ओपा, पापाचे वडील, गेल्यावर पापाने बर्लिनच्या अभिलेखागाराला पत्र लिहिलं, हे तुला माहीत आहे. काय आलं ते आम्ही नीट सांगितलं नाही, ही चूक आमची. एका कार्डाची प्रत आली. तुझे पणजोबा १ मे १९३७ ला नाझी पक्षाचे सभासद झाले होते. रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं, ओपा तेवढंच सांगायचे. पक्षाचं कधी बोलले नाहीत. पापाने ते कार्ड उभ्याउभ्याच वाचलं आणि जिन्याच्या पायरीवर बसला. तुझा पापा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते कार्ड निळ्या फायलीत आहे, तू आलीस की बघ. त्या मुलीला सांगण्यासारखं आपल्याकडे आहे ते एवढंच.

लग्नाआधी पापाला मी पहिल्यांदा सासवडला नेलं, ती गोष्ट तुला पूर्ण कधी सांगितली का? युद्धाच्या काळात इंग्रजांनी पुरंदरावर जर्मन लोकांना स्थानबद्ध करून ठेवलं होतं. हिटलरच्या तावडीतून सुटून हिंदुस्थानात आलेले ज्यूसुद्धा त्यांच्यात होते. पासपोर्ट जर्मन, म्हणून तेही शत्रू. आबा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, गडावर दूध घालायला जायचे. तर आबांनी पापाला ओसरीवर बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, तुमचं कुणी होतं का गडावर? माझा जीव वरखाली. पापा म्हणाला, नाही, माझे आजोबा जर्मनीतच होते, रेल्वेत, आणि त्यांनी काय पाहिलं ते घरात कुणी विचारलं नाही. मी ते मराठीत सांगितलं. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, पानं वाढा. शेंगदाण्याची चटणी त्याने तिसऱ्यांदा मागून घेतली तेव्हा आबा हसले.

मला भीती वाटते ती वेगळीच आहे. तू नऊ महिन्यांची होतीस, तेव्हा ६ एप्रिल २००६ ला होलेंडिशे श्ट्रासेवर त्या कॅफेत हलित योझगातला गोळ्या घातल्या. तुर्की घरातला एकवीस वर्षांचा मुलगा. मारणारे नवनाझी होते हे कळायला २०११ साल उजाडलं. त्याच रस्त्याने मी तुला बाबागाडीत घालून तुर्की दुकानात कोथिंबीर आणायला जायचे. मला माझा चेहरा घरी ठेवून जाता येत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून ओपा आमच्याबरोबर यायला लागले. हातात काठी, काठीची गरज नसताना. दुकानापर्यंत तीन पावलं पुढे चालायचे आणि परत येतानाही. असं वर्षभर. का येता, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पट्टीवरून तू जे नाव काढतेयस ना, ते त्यांचंही आहे.

लिहिणार नाही म्हणाले होते. लिहून झालं.

तू तिथे नीट जेवतेस का? मेतकूट संपलं असेल. आणि परवा रडत होतीस ती नावासाठीच ना, की आणखी काही आहे? असेल तर सांग. मी रागावणार नाही, आणि रागावले तरी सांग.

पापा तळघरात काय करत होता ते काल कळलं. तुझी जुनी हिरवी सायकल. चेन नवीन घातली, ब्रेक बदलले, मागे कॅरिअर लावला. शनिवारी रेल्वेने ती घेऊन उट्रेख्टला येतोय. त्या विनोदानंतर जर्मन माणसाने तिथे सायकल आणलेली चालेल का, असं त्याने मला खरोखरच विचारलं. मी म्हटलं, घेऊन जा.

दुपारी दोनपर्यंत पोचेल. खाली बेलवर कुठलं नाव शोधायचं, तेवढं शुक्रवारपर्यंत कळव. त्याने विचारलेलं नाही, मीच विचारतेय.

तुझी
आई