आग विझवून आलेल्यांची झोप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सडक अर्जुनी तालुक्यातल्या खेड्यांत अग्निशमन दल म्हणजे आम्हीच. बंब येईस्तोवर तणसाच्या ढिगाची राख झालेली असते. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवतो, वारा सुटतो आणि गार्डसाहेबांचा फोन येतो. मग हिरव्या डहाळ्या तोडायच्या आणि झोडपत सुटायचं. मजुरी कधी मिळते, कधी चहावर भागतं. त्याची तक्रार नाही.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गोठ्याला आग लागली. माझा चुलतभाऊ आत शिरला. एका बैलाचं दावं कापलं, दुसऱ्याचं कापत असतानाच वरून कवेलू पडू लागले. त्याला कोणीतरी मागं ओढलं. ओढणारा मीच. तो बैल हंबरत होता, ते आम्ही दोघांनीही ऐकलं. पंचनामा झाला, त्यात गोठा, बैल, तणीस सगळं आलं. भावाच्या हाताला मलम लागलं.

आता तो रात्रीतून तीनदा उठतो आणि आपल्या बैलांची दावी सोडून ठेवतो. सकाळी बैल लोकांच्या वाडीत. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. एक कोंबडा पुजाऱ्याकडे जाऊन आला. मोहाची घेतली की डोळा लागतो, असं तो स्वतःच सांगतो.

मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आणि चोवीस तास. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. मी नंबर लावून दिला, तर म्हणाला, ‘काय सांगू? बैल मेला म्हणून?’ असा माणूस आपणहून फोन करत नाही. त्यातून जंगलाकडच्या गावांत रेंजची बोंब. शेतकऱ्यांच्या मनावरच्या ताणासाठी 2015 मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, तेव्हा आशाताई घरोघरी जाऊन विचारत होत्या. तेच इथं करता येईल. मोठी आग लागली की आठवड्याभरात जिल्हा रुग्णालयाचा समुपदेशक गावात यावा. दवाखान्यात बोलावू नये, समाजमंदिरात बसावं. पंचनाम्याच्या कागदावर आग विझवायला गेलेल्यांची नावंही लिहावीत, म्हणजे कोणाकडे जायचं ते तरी कळेल.

8 एप्रिल 2021 ला नागझिऱ्याच्या वणव्यात तीन हंगामी मजूर गेले. त्यांच्या बातम्या आल्या, यायलाच हव्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या बाजूला डहाळ्या झोडपत असलेले लोक घरी कसे परतले, पुढच्या हंगामात पुन्हा कसे गेले, हे मात्र माझ्या तरी वाचनात आलं नाही. आपल्या वार्ताहरानं कधी त्या गावांत जाऊन यावं.

परवा भावाचे बैल माझ्या उन्हाळी धानात शिरले. मी त्याला काही बोललो नाही.

आपला,
एक वाचक, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया