नळाचं पाणी आणि नववीचं पुस्तक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात गेल्या वर्षी नववीत होती, सीबीएसईला. बॅस्टिल 14 जुलै 1789 ला फोडलं हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, आणि ते यायलाच हवं, फ्रेंच राज्यक्रांतीवर माझा काही राग नाही. पण एका रविवारी पोहे-जलेबी झाल्यावर सहज विचारलं, बाळा आत्ता हात धुतलेस ते पाणी आलं कुठून आणि जाणार कुठे? म्हणे आलं नर्मदेतून, जाणार गटारात. झालं!

अहो यात अख्खा भूगोल आहे. आपलं इंदूर माळव्याच्या पठारावर, नर्मदा विंध्याच्या पलीकडे खाली, 1978 साली तिचं पाणी इथे आलं ते जलूदहून, साधारण 70 किलोमीटर, पंपांनी डोंगर चढवून, म्हणून तर ते इतकं महाग पडतं. तिथेच राहिलं असतं तर भरूचच्या पुढे अरबी समुद्राला मिळालं असतं. आपण मात्र भांडी घासून ते खान नदीत सोडतो (नदी म्हणायचं आपलं, कृष्णपुऱ्याला होळकरांच्या स्मारक-छत्र्यांपाशी उभं राहून वास घ्या), खान क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत, म्हणजे चाललं बंगालच्या उपसागराला! रोज एका समुद्राचं पाणी दुसऱ्याला पाठवतोय आणि घरात कोणाला पत्ता नाही, मलाही पन्नाशीनंतरच कळलं म्हणा.

आणि उज्जैनच्या पुढे क्षिप्रेकाठीच महिदपूर आहे. तिथे 21 डिसेंबर 1817 ला होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली, 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली, रेसिडेन्सी म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीचं ठाणं आलं. ज्या रेसिडेन्सी भागातून पोरं रोज स्कूलबसने जातात त्याचं नाव कुठून आलं ते विचारा एकदा त्यांना. आठवीच्या पुस्तकात हे सगळं युद्ध एक-दोन ओळींत संपतं. दहावीला नकाशाला पाच मार्क, तेही धरणं नि बंदरं पाठ करून मिळतात.

सिलॅबस बदला वगैरे मी म्हणत नाही, ते आपल्या हातात नाही. पण वर्षाची एक ट्रिप तर शाळेच्याच हातात असते ना? नातीच्या शाळेने दोन वर्षं लागोपाठ वॉटरपार्कला नेलं. महूच्या बाजूला नेलं असतं तर एका दिवसात दाखवता आलं असतं, की जानापावला चंबळ उगम पावते आणि तिथून जवळच पाताळपाण्याला चोरल नदी खाली कोसळून नर्मदेकडे जाते. एकच पाऊस, दोन समुद्र.

यंदा जुलैत मीच नेतोय तिला. तिच्या शाळेतल्या सोशल सायन्सच्या मॅडमना यायचं असेल तर गाडीत एक जागा आहे.

– रामबागेतले एक आजोबा, इंदूर