टॉवर होईपर्यंत शाळा कोण राखणार?

संपादक महोदय,

चाळींच्या पुनर्विकासाच्या बैठकांत खोलीचं क्षेत्रफळ, भाडं, पार्किंग या सगळ्यावर भांडणं होतात. नाक्यावरच्या महापालिकेच्या प्राथमिक शाळेचा विषय मात्र कुणी काढत नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. चाळ रिकामी झाल्यापासून चावी हातात येईपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात, आणि शाळा मोडायला तेवढी पुरतात.

शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. म्हणजे चाळीतली मुलं पांगून ६१ चा पट ६० वर आला की एक शिक्षक अतिरिक्त. त्याचं समायोजन दुसरीकडे होतं आणि पाच वर्ग दोघांच्या गळ्यात पडतात. एकाच फळ्यावर मधोमध रेघ मारून डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी चाललेली दिसली की राहिलेले पालकही दाखला मागायला येतात. पुढच्या सप्टेंबरला पट आणखी खाली, मग विलीनीकरण. नियमाप्रमाणे शाळा १ किलोमीटरच्या आत हवी खरी, पण बांधकामाच्या पत्र्यांना वळसा घालून सहा वर्षांच्या पोरानं चालायचं अंतर नकाशावर दिसत नाही.

त्यात कागदांचा घोळ. घाईत घर सोडताना दाखला राहून जातो. मूल विरारला, नाव इथल्या हजेरीत. आणि जुन्या शाळेनं यू-डायसवर (शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत) नाव मोकळं केल्याशिवाय नव्या शाळेला ते आपल्याकडे घेता येत नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे. पालकांना ते कुणी सांगत नाही.

चाळ रिकामी करण्याची नोटीस लागताच शाळेनं इमारतवार, इयत्तावार यादी करावी: संक्रमण शिबिरात कोण, भाडं घेऊन कोण कुठे गेलं, परत कधी येणार. (भाड्याच्या धनादेशांसाठी विकासकाकडे ही यादी अद्ययावत असतेच, शाळेनं मागितली की सापडत नाही.) ती शाळा व्यवस्थापन समितीच्या विकास आराखड्याला जोडावी आणि पुनर्वसनाच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळून एक वर्ष होईपर्यंत त्या शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, नोटिशीआधीच्या पटावर गोठवावी. विकासक बाजारात विकतो त्या टॉवरमधली मुलं इथे येतील हा भ्रम नको. पटाचा हिशोब जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाच्या इमारतीचाच धरावा.

ज्यांची घरं अजून पाडलेली नाहीत, ती मुलं आजही त्याच फाटकातून ये-जा करतात. सकाळचं सत्र सुटून दुपारचं भरतं, त्या अर्ध्या तासात तरी राडारोड्याचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर गल्लीबाहेर थांबवावेत.

– काही पालक व माजी शिक्षक, मुंबई