दोन आठवडे आणि एक वही

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

अर्ज पाठवलास हे कळलं. वीस वर्षं खरेदी विभाग सांभाळलेल्या बाईकडे परदेशातल्या एखाद्या छोट्या उद्योगाला देण्यासारखं पुष्कळ असणार. मला काळजी आहे ती तुझ्या पहिल्या चार दिवसांची.

अनुभवी माणसाने थोड्या दिवसांसाठी परदेशातल्या छोट्या उद्योगाकडे सल्ला द्यायला जायची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९६४ साली इंटरनॅशनल एक्झिक्युटिव्ह सर्व्हिस कोअर सुरू झाली, नेदरलँड्समध्ये १९७८ साली पुम, जर्मनीत बॉनला १९८३ साली सीनियर एक्सपर्टन सर्व्हिस. तज्ज्ञ फी घेत नाही. पुमच्या पद्धतीत विमानाचा खर्च संस्था करते आणि राहण्याजेवण्याचं त्या उद्योगाचा मालक बघतो. तुला ते खटकलं होतं. ‘आधीच अडचणीतल्या माणसाकडून कशाला घ्यायचं?’ म्हणाली होतीस. पण खोलीचं भाडं ज्याच्या खिशातून जातं, तो सकाळी आठला प्रश्न घेऊन दारात हजर असतो. फुकट आलेल्या पाहुण्याला चहा मिळतो, कारखान्याच्या वह्या मिळत नाहीत.

माझं असं पहिलं काम तू फक्त फोटोंत पाहिलंस. चौदा माणसांचा लाकडी फर्निचरचा कारखाना. दुसऱ्याच दिवशी मी मशिनांची नवी मांडणी कागदावर काढून दिली. लाकूड एका टोकाला, रंधा मशीन दुसऱ्या टोकाला, घासायचं टेबल भलतीकडेच खिडकीपाशी. आयुष्यभर प्रॉडक्शन केलेल्या माणसाच्या डोळ्यांना ते सहन होईना. मालक दुभाष्यामार्फत तीन दिवस ‘हो, हो’ म्हणत राहिला आणि एक स्टूलसुद्धा जागचं हललं नाही. चौथ्या दिवशी कळलं की घासकाम करणाऱ्या म्हाताऱ्याला नीट दिसत नाही, त्याला खिडकीचा उजेड लागतो. मी विचारलंच नव्हतं.

खरं दुखणं मांडणीत नव्हतंच. नव्या ऑर्डरच्या आगाऊ रकमेतून तो मागच्या ऑर्डरचं लाकूड आणत होता. त्यामुळे ऑर्डरी वाढल्या की त्याला वाटे धंदा वाढला, आणि खड्डा तेवढाच खोल होई. मग आम्ही प्रत्येक ऑर्डरला वहीत एक पान दिलं. आगाऊ किती आले, लाकूड, मजुरी, पॉलिश, गाडीभाडं, आणि किती तास लागले. आठवडाभरात दिसलं की ज्या खुर्चीला सगळ्यात जास्त मागणी होती, तिच्या घासकामातच नफा जात होता. टेबलांवर पैसे सुटत होते. खुर्चीचा भाव वाढव, नाहीतर ऑर्डर नाकार, असं मी म्हटल्यावर तो रात्रभर झोपला नसावा. सकाळी डोळे लाल होते. मी तिथे धंदा वाढवायला गेलो होतो ना!

तेव्हा तू गेल्यावर आधी मागची दहा बिलं माग. पुरवठादार बदलायची घाई करू नकोस. महाग देणारा कदाचित तीन महिने उधारीवर थांबत असेल, आणि त्या उधारीवरच कारखाना चालत असेल. हे तुझं क्षेत्र, मी काय सांगणार. पण ऑफिसातल्या खरेदीत हे दिसत नाही.

आणखी एक. हिशेबनीस आणि सल्लागार तिथेही असतात. त्यांच्या पोटावर पाय येऊ देऊ नकोस. जमलं तर त्यांच्यातल्या एकाला पहिल्या दिवसापासून शेजारी बसव, कारण तू परतल्यावर मालकाजवळ तोच असणार आहे. माझ्या वेळी मला हे सुचलं नाही, आणि शेवटच्या दोन दिवसांत वही कोणाच्या हाती द्यायची यावरच आमची धावपळ झाली. अखेर मालकाच्या बहिणीने ती घेतली.

ती अजून महिनाअखेरीस वहीच्या पानाचा फोटो पाठवते. गेल्या महिन्यात फोटो आला नाही. विचारावं की थांबावं, चार दिवस ठरवतोय. तू फोन केलास की बोलू.

तुझा,
बाबा