सगळ्या झोंबी गेमना एकाच दावणीला बांधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, झोंबीचे, म्हणजे मेलेली माणसं उठून चावत सुटतात तसले, कॉम्प्युटर गेम म्हणजे नुसती मारामारी, पोरं बिघडायला लागलीत, बंद करा सगळे असं. त्यांचा राग समजतो ओ, पण सगळेच गेम तसले नसतात. मी उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, सेकंड शिफ्ट करून आलो की लगेच झोप लागत नाही, तेव्हा धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरवर टेलटेल कंपनीचा 'द वॉकिंग डेड' खेळलो, त्यावरून लिहितोय.

गेम जुना आहे, २०१२ चा. एप्रिल ते नोव्हेंबर असे एकेक करून पाच भाग आले. ली एव्हरेट म्हणून एकजण, कॉलेजात इतिहास शिकवणारा, खुनाच्या केसमध्ये पोलीस गाडीतून जेलला निघालाय, वाटेत गाडी उलटते आणि बघतो तर मेलेली माणसं उठून फिरायला लागलीत. मग त्याला क्लेमेंटाइन नावाची लहान पोर भेटते, आईबाप परगावी, ही एकटीच परसातल्या झाडावरच्या खोलीत लपलेली. तिला सांभाळायचं, हाच खरा गेम. रक्त आहे, भरपूर आहे, पण सगळं चालतं ते बोलण्यावर. कोणीतरी काहीतरी विचारतं, खाली उत्तरं येतात, वेळेची पट्टी भराभर संपत जाते, आणि तुम्ही काहीच निवडलं नाही तर तुम्ही गप्प राहिलात असं धरतात, समोरचा तेही लक्षात ठेवतो.

दुसऱ्या भागात तर खाण्याच्या चारच वस्तू हातात देतात आणि खाणारी तोंडं दहा. कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. आमची आई मागनं बघत होती, म्हणाली पोरांना आधी दे की रे. दोन्ही पोरांना दिलं. मग म्हणते त्या म्हाताऱ्यालाबी दे, तो म्हातारा आल्यापासून मला शिव्या घालतोय हे तिला माहीत नव्हतं! त्याच भागात पुढं त्याच म्हाताऱ्याला बंद खोलीत हार्ट अटॅक येतो, आणि त्या जगात कसाही मेला तरी माणूस झोंबी होऊन उठतोच, चावायलाच पाहिजे असं नाही. त्याची पोरगी छाती दाबून वाचवायला बघतीय आणि दुसरा म्हणतो उठायच्या आत डोकं फोड. इथं कोण चूक सांगा बघू.

यावर भाऊ म्हणतो की हे सगळं फसवं आहे, तुम्ही काहीही निवडा गोष्ट तिथंच जाते. खोटं नाही ते. पहिल्या भागात डग आणि कार्ली यातल्या एकालाच वाचवता येतं, आणि ज्याला वाचवाल ते तिसऱ्या भागात मरतंच. मलाही आधी राग आला. पण मग बेवारस गाडीतलं खाणं घ्यायचं का नको तो प्रसंग घ्या, तुम्ही नको म्हणालात तरी बाकीचे घेतातच, म्हणजे गोष्ट बदलली नाही, पण त्या गाडीचा मालक शेवटच्या भागात तुम्हाला एकेक गोष्टीचा जाब विचारतो तेव्हा मी घेतलं नव्हतं हे सांगता येतं की नाही यात फरक पडतो की. प्रत्येक भाग संपला की बाकीच्या खेळणाऱ्यांपैकी किती टक्के लोकांनी काय केलं तेही दाखवतात.

लहान पोरांना हा देऊ नका, अमेरिकेत त्याला १७ वर्षांवरचा शिक्का आहे आणि तो बरोबरच आहे. तेवढं त्या वाचकांचं मान्य.

तसं त्या टेलटेल कंपनीचंही बरं झालं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये, या गेमचे पुढं आणखी सीझन आले त्यातला शेवटचा अर्ध्यावर असताना, जवळजवळ सगळा स्टाफ एकदम घरी बसवला, सुमारे २५० लोक. आमच्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला ती बातमी गेमपेक्षा जास्त लागते. पुढं स्कायबाउंड कंपनीनं जुन्यातलेच काही लोक घेऊन तो पुरा केला, मार्च २०१९ ला शेवटचा भाग आला.

तुम्हाला विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत सिनेमाचं परीक्षण देता तसं कधीतरी अशा गेमचंही द्या, खेळलेल्या माणसाकडनं लिहून घ्या. आणि कडोली, येळ्ळूर, उचगावला आपली साहित्य संमेलनं भरतात, तिथं एखाद्या कथाकथनवाल्यानं गोष्ट मध्येच थांबवून मंडपाला विचारावं, आता यानं काय करावं, हात वर करा, आणि जास्त हात जिकडं तिकडं गोष्ट न्यावी. फक्त विचार करायला दहा सेकंदांच्या वर देऊ नये.

कळावे,
आपला एक वाचक,
अनगोळ, बेळगाव