दर्या आणि दऱ्या

पर्वरी,
रविवार, रात्री

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या खेपेस घरी आलो होतो तेव्हा जेवताना बाबांनी विचारले होते, "रातीं जागून तूं काम करता, ताचे तुका कोण पयशे दिता?" मी "कोणूच ना" असे म्हणालो आणि मान खाली घालून जेवत राहिलो. आईने न विचारता ताटात आणखी भात वाढला, आणि विषय तिथेच राहिला. परतीच्या बसमध्ये फोंड्यापर्यंत मी मनातल्या मनात उत्तर जुळवत होतो, पण ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते. आपण घरात कोकणीत बोलतो आणि पत्र मात्र मराठीत लिहितो, ही सवय बाबांनीच लावलेली आहे; तिचा आज उपयोग करून घेतो.

मी पगारासाठी जी संकेतस्थळे बनवतो, त्यांत माझ्या हाताने लिहिलेला भाग फार थोडा असतो. ज्या यंत्रावर ते संकेतस्थळ चालते त्यावर लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली असते, जी लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली आणि पुढे हजारो लोकांनी वाढवली. आई बँकेचे पान उघडते तेव्हा तिचा पासवर्ड वाटेत कोणी वाचू नये म्हणून जे कुलूप लागते, तेही बऱ्याच ठिकाणी अशाच सामायिक कामातून आलेले असते. या सगळ्याचे मी कधीही कोणाला पैसे दिलेले नाहीत. तेव्हा बाबांचा प्रश्न उलटाही विचारता येतो: इतकी वर्षे मी ज्याच्यावर पोट भरतो आहे, त्याचे मी कोणाला काय दिले?

मी रात्री जागून करतो तेही असेच सामायिक प्रोग्राम दुरुस्त करण्याचे काम आहे. याला फुकट म्हणू नये, मोकळे म्हणावे. इंग्रजीत या दोन्हींना 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे त्या लोकांचा या एका शब्दावर बराच वेळ खर्च झाला आहे. आपल्याला ती अडचण नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ज्या कामाची घोषणा केली, त्यामागचा विचार असा की प्रोग्राम वापरणाऱ्याला तो उघडून पाहता यावा, बदलता यावा आणि बदललेला दुसऱ्याला देता यावा. त्यांच्या परवान्याची अट अशी आहे की ज्याला हे मोकळे मिळाले, त्याने ते पुढे देताना बंद करून देऊ नये. पाटाचे पाणी आपल्या पोफळीच्या कुळागरात घ्यावे, पण खालच्या कुळागराकडे जाणारी वाट बुजवू नये, तसेच हे आहे.

आई, मडकईला तुझ्या माहेरी मी लहानपणी आलो की आजोबा मला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावरून फिरवत असत. भरतीचे खारे पाणी बाहेरून दाबले की बांधातल्या मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते, हे त्यांनी मला तिथे उभे करून दाखवले होते. चालताना त्यांची नजर सतत पायाखाली असे. कुर्ल्यांनी पाडलेले बीळ दिसले की ते थांबत, चिखल घालून टाचेने दाबत, आणि मग बोलणे पुढे सुरू करीत. ते बीळ कोणाच्या शेतासमोर आहे, असे त्यांनी कधी पाहिल्याचे मला आठवत नाही, कारण बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते, आणि मग खारट जमिनीत तग धरणारा कोरगूट भातसुद्धा हाती लागत नाही. मी रात्री जे करतो ते बहुतांशी असे टाचेने चिखल दाबण्याचे काम आहे.

त्यातले एक काम सविस्तर सांगतो, कारण ते बाबांच्या विषयाचे, मराठी शुद्धलेखनाचे आहे. दोन वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या पुस्तकसूचीचे काम माझ्याकडे आले होते. शोधाच्या चौकटीत 'पायऱ्या' असे लिहिले तर काही पुस्तके सापडत होती आणि काही, डोळ्यांसमोर असूनही, सापडत नव्हती. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक असतो, आणि हे क्रमांक युनिकोड या जागतिक तक्त्यात ठरलेले आहेत. आपला 'ऱ्या' दोन वाटांनी लिहिला जातो. एका वाटेने खालच्या बिंदूसह येणाऱ्या 'ऱ' या अक्षराला हलन्त लावून. दुसऱ्या वाटेने साधा र, त्याला हलन्त आणि त्यामागून एक डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. टंकलेखन करणाऱ्याने कोणता कळफलक वापरला, यावर पुस्तक सापडणे अवलंबून होते.

मला वाटले, हे तर सोपे आहे. न दिसणारे ते चिन्ह सगळीकडून काढून टाकले आणि ती दुरुस्ती, देवनागरी मजकूर एकसारखा करणाऱ्या एका छोट्या सामायिक प्रोग्राम-संग्रहाकडे मोठ्या अभिमानाने पाठवून दिली. दोन दिवसांनी तिथे लक्ष देणाऱ्या, मला आजही नावापलीकडे माहीत नसलेल्या एका व्यक्तीचे उत्तर आले. हे चिन्ह काढले तर सिंहलीतील जोडाक्षरे मोडतील, जुन्या मल्याळम मजकुरातील अक्षरे बदलतील, आणि फोनवर पाठवतात त्या आईबाप-मुलांच्या चित्रातील माणसे एकेकटी उभी राहतील, असे त्यात लिहिले होते. शेवटी विचारले होते, तुमच्या स्वतःच्या भाषेत यामुळे काही बिघडत नाही ना, हे पाहिले आहे का?

मी पाहिले नव्हते. पाहिल्यावर लाज वाटली. ते चिन्ह काढले की डोंगरातल्या 'दऱ्या' शोधणाऱ्याच्या पुढ्यात 'दर्या' येत होता, आणि आचाऱ्यास द्यायची बिदागी आचार्यास जात होती. गोव्यात राहणाऱ्या माणसाने दऱ्यांचा दर्या करावा, आणि तेही बाबांच्या मुलाने! चौथीच्या वर्गात याच जोड्या फळ्यावर लिहून तुम्ही आम्हाला छड्यांची भीती घातली होती. पहिल्या वाचनात मला त्या उत्तराचा राग आला होता, हेही लिहितो. परक्या माणसाने आपल्या भाषेबद्दल आपल्याला प्रश्न विचारावा, हे पचायला एक रात्र लागली. त्यानंतर चार वेळा दुरुस्ती पाठवली आणि चार वेळा ती काही ना काही सूचनेसह परत आली. शेवटी जे स्वीकारले गेले ते आठ ओळींचे होते: र, हलन्त आणि ते चिन्ह हे तिन्ही एकामागोमाग आले तरच त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवायचे, बाकी कशालाही हात लावायचा नाही. नोकरीत माझे काम इतक्या बारकाईने कोणी क्वचितच वाचलेले आहे.

हे सगळे जिथे नोंदले जाते त्या साधनाचे नाव गिट. तेही टोर्वाल्ड्स यांनीच २००५ साली तयार केले. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाचे नाव केव्हा आणि कशाच्या आधारे चढले, हे शोधायला बाबांनी मामलेदार कचेरीत किती हेलपाटे घातले ते मला ठाऊक आहे. इथे प्रत्येक ओळीचा फेरफार कोणी केला, कधी केला आणि त्याने त्याचे कारण काय लिहिले, हे कोणालाही बसल्या जागी पाहता येते. माझ्या पहिल्या चुकीच्या दुरुस्तीवर झालेली चर्चाही तिथे तशीच आहे, आणि ती पुसून टाकावी असे आता वाटत नाही.

या गोष्टीची दुसरी बाजू लपवून ठेवणे बरे नाही. मघाशी ज्या कुलपाचा उल्लेख केला, त्या ओपनएसएसएलमध्ये २०१४ साली एक मोठे भगदाड सापडले. तेव्हा जगाला कळले की असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती त्या कामाला वर्षाकाठी दोन हजार डॉलरच्या आसपास देणग्या मिळत होत्या आणि त्यावर पूर्णवेळ राबणारा माणूस जवळजवळ एकटाच होता. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैसे दिले, पण ते बांध फुटल्यानंतर. २०२४ साली याहून वाईट घडले. माहिती दाबून लहान करणारा एक्सझेड नावाचा संग्रह एक थकलेला माणूस एकट्याने सांभाळत होता. त्याला मदत करण्याच्या मिषाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ खरोखरच चांगले काम केले, विश्वास मिळवला, आणि मग आत एक चोरदार बसवले. ते पकडले कोणी? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याने, कारण यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकले. आजोबा पाण्याचा रंग किंचित गढूळ दिसला की मानशीकडे परत वळत, त्याची मला तेव्हा फार आठवण झाली.

गावकारीची, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या कारभाराची, उपमा मी मुद्दाम टाळत आलो आहे, कारण ती सगळेच देतात. पोर्तुगीजांनी १५२६ साली तिसवाडीच्या गावकाऱ्यांच्या चालीरीती फोराल नावाच्या दस्तऐवजात लिहून घेतल्या तेव्हा त्या आधीच जुन्या होत्या, आणि सामायिक जमीन राखण्याचे नियम माणसे स्वतः बनवू शकतात याचा तो चांगला दाखला आहे, हे खरे. परंतु गावकार म्हणून जोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, मिळे ती पुरुषांना, गावकार घराण्यांतल्या. बांधावर चिखल वाहणाऱ्या बायकांना आणि इतर कुळांना त्यात स्थान नव्हते. आमच्या या सामायिक कामातही दार उघडे असल्याचे सांगितले जाते आणि आत पाहिले तर स्त्रिया फार कमी, इंग्रजी न येणारे त्याहून कमी. रात्री दोन तास मोकळे मिळणे हीसुद्धा एक मालमत्ताच आहे. पहाटे उठून दोघांचे डबे करणाऱ्या ताईकडे ती नाही, आणि ती माझ्याहून हुशार होती, हे बाबा स्वतः म्हणतात.

आता मूळ कारणाकडे येतो. देवनागरीचा तो छोटा संग्रह ज्या व्यक्तीने इतकी वर्षे सांभाळला, तिने घरच्या अडचणीमुळे आपल्याला पुढे जमणार नसल्याचे कळवले आहे, आणि ते काम घेशील का असे मला विचारले आहे. मी होकार दिला आहे. पण एकट्याने घेणार नाही असे सांगितले. पुण्यातील एक आणि काठमांडूतील एक असे आणखी दोघे सोबत आहेत, नेपाळीही देवनागरीतच लिहितात म्हणून. आठवड्याचे चार तास ठरवले आहेत आणि ते शनिवारी सकाळी, म्हणजे जागरणाबद्दलची आईची तक्रार तरी मिटेल. पैसे मिळणार नाहीत. पगार आहे तोच राहील, घराच्या कर्जाचा हप्ता चुकणार नाही, याची बाबांनी काळजी करू नये.

बाबा, एक मागणे आहे. असा प्रत्येक संग्रह बदलला की तो बिघडला तर नाही ना, हे तपासण्यासाठी नमुन्याचे शब्द लागतात. आमच्याकडे मराठीचे जेमतेम चाळीस शब्द आहेत आणि त्यांतले निम्मे मी घाईत सुचतील तसे घातलेले आहेत. शुद्धलेखन घालताना तुम्ही जी लांबट निळी वही वापरत होता, जिच्यात रफाराचे आणि ऱ्य-ऱ्हचे शब्द ओळीने उतरवलेले होते, ती माडीवरच्या कपाटात असावी. वाळवी लागली नसेल तर काढून ठेवा. मी गणेश चवथीला येईन तेव्हा तिची पाने फोटो काढून घेईन, आणि वाचता न येणारे शब्द तुम्ही शेजारी बसून सांगा. फेरफारात शब्द कोणी दिले याची नोंद करावी लागते. तिथे तुमचे पूर्ण नाव लिहायचे की नुसते 'निवृत्त शिक्षक' इतकेच, ते तेव्हा ठरवू.

आईसाठी पर्वरीच्या दुकानातून चष्म्याची काडी बदलून घेतली आहे, तीही सोबत आणतो. गणपतीवरच्या माटोळीची फळे आणायला पोफळीवर चढू नका, मी आदल्या दिवशी पोचतो आहे.

तुमचा,
धाकटा